लग्नपत्रिकेएवढी फट

नवं गिऱ्हाईक गाळ्यात आलं की काका गाडीकडे बघायचेच नाहीत. बाकाकडे बोट दाखवायचे. बाकावर बसायचं, माठातलं पाणी प्यायचं आणि गाडीला काय होतंय ते पहिल्यापासून सांगायचं. सांगताना गॅस, कॉम्प्रेसर, कॉइल असले शब्द वापरायला मनाई होती. कुणी वापरलाच तर ते हात वर करून थांबवायचे.

"त्यो शब्द नको. त्यो माझा शब्द हाय. तू काय बघितलास, काय ऐकलास, तेवढा सांग."

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या मागच्या एका गल्लीत त्यांचा गाळा होता. गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे, एवढंच काम. वय सत्तरीच्या आगेमागे. अंगाने काटक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं आणि कानामागे खडू. हा खडू भिंतीसाठी असायचा. गाडी बरी झाली की ते तिच्या एसीच्या झडपेत थर्मामीटर खोचायचे आणि आकडा भिंतीवर लिहायचे. शेजारी गाडीचा नंबर. भिंत कधी पुसली नाही. वरची जागा संपली तसे ते खाली आले होते आणि मी पाहिलं तेव्हा पार फरशीपर्यंत पोचले होते. शेवटचे आकडे ते उकिडवे बसून लिहीत.

ते मूळचे बोनकोड्याचे. कोपरखैरणे वसलं त्याच्या आधीपासूनचं ते गाव. वडिलांची भाताची खाचरं शहरात गेली आणि ते तरुणपणीच एका बर्फाच्या कारखान्यात लागले, तिथे थंडाव्याची विद्या शिकले. या सगळ्याबद्दल तक्रार करताना मी त्यांना ऐकलं नाही. फक्त एक हट्ट होता. सेक्टरचे नंबर त्यांनी कधी तोंडातून काढले नाहीत. रस्ता सांगायचा तर जुन्या खुणांनीच.

"चिंच होती ना, तितून डावीकं घे."

"चिंच कुठाय काका?"

"आता नाय. पन वलन तंच हाय."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती एप्रिलच्या मध्यावर, रडायच्या बेतात.

सुनील माझा नवरा. फर्निचरची कामं घ्यायचा. पिकअप त्याचीच, चार दरवाज्यांची, मागे सामानाचा हौदा असलेली. त्या एप्रिलच्या दोन वर्षं आधी तो एका साइटवर परांचीवरून पडला आणि पाठीचा कणा वरच्या बाजूला दुखावला. हात शाबूत राहिले, छातीखाली काही उरलं नाही. हॉस्पिटलातून सोडताना डॉक्टरांनी बऱ्याच सूचना दिल्या. त्यातली एक मी तेव्हा अर्धवटच ऐकली होती. छातीखाली याला आता घाम येणार नाही, तेव्हा उन्हाळ्यात जपा. घाम न येण्यात एवढं काय, असं मला वाटलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. आपल्याला उकडतं तेव्हा शरीर स्वतःला थंड करतं. सुनीलचं नुसतं तापत जातं, बंद गाडीसारखं.

मी गाडी चालवायला शिकले. व्हीलचेअर हौद्यात. खुर्चीतून सीटवर सरकायला सुनीलने स्वतः डिझाइन केलेली गुळगुळीत फळी. वाशीतल्या आमच्या घरापासून फिजिओथेरपीपर्यंत आमचं बरं चाललं होतं. मग त्या एप्रिलमध्ये सुनीलला नोकरी चालून आली. रबाळ्यातल्या एका फर्निचर कारखान्याचा मालक त्याला आधीपासून ओळखत होता. कॉम्प्युटरवर कपाटांचे, किचनचे नकाशे काढायचे होते. एक मेपासून या, म्हणाला. फोन ठेवल्यावर सुनीलने ड्रॉवरमधून जुनी मोजपट्टी काढली आणि उगाचच टेबल मोजलं.

आणि त्याच आठवड्यात गाडीचा एसी दगा द्यायला लागला.

पहिल्यांदा झालं ते घणसोलीच्या सिग्नलला. कारखाना बघून यायला म्हणून आम्ही दुपारी निघालो होतो. कोपरखैरण्यापर्यंत गाडी मस्त थंड. मग ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि एकाएकी गरम हवा यायला लागली. पंखा चालू, हवा येतेय, पण भट्टीसमोर बसल्यासारखी. पुढचा सिग्नल सुटेना. दहा मिनिटांत सुनीलचा चेहरा लालबुंद झाला आणि तो मला काहीतरी सांगत होता त्यातले शब्द जड व्हायला लागले. मी गाडी कशीबशी कडेला घेतली, पाण्याच्या दोन्ही बाटल्या त्याच्या डोक्यावर आणि छातीवर ओतल्या, वहीने वारा घातला. झाडाखाली वीस मिनिटं थांबलो. तो सावरला. निघताना गाडी सुरू केली तर एसी गारेगार.

पुढच्या दहा दिवसांत तीन मेकॅनिक झाले. पहिल्याने गॅस भरला. दुसऱ्याने आणखी भरला. तिसरा म्हणाला, कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाकावा लागेल. गंमत म्हणजे तिघांकडे गाडी नेली तेव्हा एसी उत्तम चालत होता. "मॅडम, बर्फ आहे बर्फ," पहिला हसत म्हणाला. मला त्याच्या हसण्यात दिसलं की याला वाटतंय, बाईला गाडीतलं काय कळतं. मधे एकदा टॅक्सीने जाऊन पाहिलं. दोघांनी व्हीलचेअर बघून नकार दिला, तिसऱ्याने घेतलं आणि चढावर एसी बंद केला.

शेवटी सुनीलच्या कारखान्याच्या वॉचमनने त्या गाळ्याचा पत्ता दिला. "माणूस चक्रम आहे, पण जावा," म्हणाला.

गेलो. मी एकटीच उतरून बाकावर बसले आणि सांगायला लागले. कॉम्प्रेसर म्हटल्याबरोबर त्यांचा हात वर झाला. मी पुन्हा सुरुवात केली. सिग्नल, गरम हवा, झाड, वीस मिनिटं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"बंद झाला तवा आवाज कसला आयला?"

मी आठवून पाहिलं. मला त्या वेळी सुनीलचा चेहरा सोडून काहीच दिसलं नव्हतं, ऐकू आलं नव्हतं. तसं सांगितलं.

"बाजूला कोन होता?"

"मिस्टर. गाडीतच बसलेत. ते उतरू शकत नाहीत."

ते उठले आणि गाडीपाशी गेले. सुनीलकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं नाही, जसं सगळे बघतात. दार उघडून पायरीवर बसले आणि हाच प्रश्न त्याला विचारला.

"आवाज आला नाही," सुनील म्हणाला. "तोच प्रॉब्लेम आहे. एरवी सिग्नलला उभे असलो की थोड्या थोड्या वेळाने टक असा आवाज येतो. टक झालं की इंजिन जरासं दबतं. त्या दिवशी टक आलंच नाही. मी वाट बघत होतो."

म्हातारा पायरीवरून उठला. मग माझ्याकडे वळला.

"तिघांकं गेलीस ना? तिघांतल्या कुनी ह्याला इचारला?"

"नाही."

"गाडी ह्याला माहीत हाय. आन् सगली तिच्या पोटात हात घालतात."

सुनील खिडकीबाहेर बघायला लागला. दोन वर्षांत त्याच्यासमोर त्याच्याबद्दलचे प्रश्न लोक मला विचारत आले होते. यांना झोप लागते का, हे जेवतात का. त्याचं निरीक्षण कुणाला तरी हवंय, असं पहिल्यांदा घडत होतं. घरी जाताना त्याने मला त्या आवाजाबद्दल वाशीपर्यंत सांगितलं.

त्या दिवशी त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. "बरी असलेल्या गाडीला काय बघू? उद्या भर दुपारी ये. आपन तिला आजारी पाडू."

दुसऱ्या दिवशी सुनीलला त्यांच्या गाळ्यात पंख्याखाली बसवलं. खांद्यावर ओला पंचा, हाताशी पाणी, आणि शेजारच्या वेल्डरच्या बायकोला लक्ष ठेवायला सांगितलं. मी गाडी चालवायला, ते बाजूला. एसी पूर्ण, काचा बंद. ते झडपेवर तळहात ठेवून डोळे मिटून बसले.

"मीठाच्या रस्त्यानं घे."

"म्हणजे कुठून?"

"सरल. मंग सांगतो."

तासभर आम्ही ट्रॅफिक शोधत फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम गर्दीत शिरत होते. जिथे ट्रक उभे दिसतील तिथे ते खूश. रस्ता मोकळा दिसला की तोंड कडू करायचे. मला धाकधूक एकच, आजही काही झालं नाही तर हेही म्हणतील, बर्फ आहे बर्फ.

कोपरखैरण्याच्या पुढे त्यांनी डोळे उघडले.

"आला," ते हळूच म्हणाले, जणू मोठ्याने बोललं तर पळून जाईल. "बंद नको करू. बाजूला घे. इंजिन चालू ठेव."

बॉनेट उघडून त्यांनी खिशातून तारा जोडलेला छोटा बल्ब काढला आणि आत कुठेतरी टेकवला. बल्ब पेटला. "करंट येतोय," ते म्हणाले. मग सीटखाली ठेवलेलं जुनं लाटणं घेतलं. "ह्या तू कवा करू नको. बोटं जातील." फिरत्या पट्ट्याला सांभाळून त्यांनी लाटण्याचं टोक कॉम्प्रेसरच्या तोंडावरच्या तबकडीला अलगद टेकवलं आणि ढकललं.

टक.

"जा, हात लाव."

मी आत वाकून झडपेवर हात ठेवला. हवा थंड होत होती. मी तशीच उभी राहिले. मागून हॉर्न वाजत होते. मला रडू आलं आणि ते त्यांनी बघितलं, पण बघितलं नाही असं दाखवत लाटणं पुसत बसले.

गाळ्यात परतल्यावर त्यांनी गाडी थंड होऊ दिली आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं. कॉम्प्रेसर सतत फिरत नसतो. पट्ट्याबरोबर एक चाक फिरतं आणि त्याच्यासमोर एक तबकडी असते. एसी लागला की चाकातलं चुंबक तबकडीला ओढून घेतं, तोच टक. दोघांत फट असते, अगदी बारीक. वर्षानुवर्षं घासून घासून ती फट वाढते. गार असताना चुंबकाला जोर असतो, तेवढं अंतर ते ओढून घेतं. गाडी तापली की जोर कमी पडतो, हात पोचत नाही. थांबून गार झालं की पुन्हा पोचतो. म्हणून तिघांना काहीच सापडलं नव्हतं.

"फट किती पाहिजे?" सुनीलने विचारलं. सुताराचा प्रश्न.

यावर त्यांनी कपाटातून मिठाईचा एक मोठा खोका काढला. आत लग्नपत्रिका. आगरी लग्नांच्या, सोनेरी, जाडजूड, गणपती चिकटवलेल्या. त्यातली एक त्यांनी निवडली, तिचा कोपरा चिमटीत चोळला, आणि सुनीलच्या हातात दिली. "एवढी. ह्याच्यावर नाय, ह्याच्याखाली नाय."

खरी मोजायची पाती त्यांच्याकडे होती. तीही त्यांनी लावून दाखवली आणि पत्रिका बरोबर निघाली. पण विश्वास पत्रिकेवरच. पुढे मला कळलं की घरी कुणी आमंत्रण घेऊन आलं की ते आधी पत्रिकेचा कागद चोळून बघतात आणि बरा असेल तर सरळ खिशात घालतात. तारीख वाचायची राहते. सख्ख्या पुतण्याच्या हळदीला ते असेच गेले नव्हते. त्या पुतण्याची पत्रिका मात्र उत्तम जाडीची होती, असं ते मनापासून सांगायचे.

तबकडी उतरवून, फट कमी व्हावी म्हणून त्यांनी तिच्यामागची एक चकती काढली. पातळ, अंगठीएवढी. तबकडी परत बसवली, पत्रिकेचा कोपरा फटीत सरकवून बघितला. आधीच्या दोघांनी भरलेला जास्तीचा गॅस नीट यंत्रात काढून घेतला आणि हवा तेवढा ठेवला. मग पुन्हा भर उन्हात दीड तास फिरलो. सुनील सीटवर बसून टक मोजत होता. एकही चुकला नाही. म्हाताऱ्याने भिंतीपाशी उकिडवं बसून आकडा लिहिला.

"म्हणजे काहीच बदललं नाही?" मी विचारलं.

"बदलनं म्हंजे दुरुस्ती नाय," ते म्हणाले. "जे हाय ते पोचतंय का नाय, ते पयलं बघाचा."

एक मेला सुनील कामावर गेला. मी त्याला कारखान्यात सोडून बाहेर गाडीत तासभर बसून राहिले, फोन येईल म्हणून. आला नाही.

नंतर त्या गाळ्यात आमचं जाणं-येणं सुरूच राहिलं. सुनीलला जेवणाची सुटी झाली की तो खुर्ची ढकलत गल्लीतून तिथे जायचा. म्हातारा तांदळाची भाकरी नि सुकट घेऊन बसलेला असायचा. बाराला जेवण म्हणजे बाराला. कुणाच्या इंजिनाचा जीव उघडा पडलेला असो, पाना खाली ठेवून हात धुवायचे. त्या वेळात एकदा कुणी बडा माणूस मोठी गाडी घेऊन आला. बाकावर बसायला तयार नव्हता. म्हणाला, मला वेळ नाही, गॅस भरा. म्हातारा भाकरी मोडत म्हणाला, "गॅस म्हंजे पेट्रोल नाय, संपाला. कुठून तरी गेलाय. कुठून गेला ते इचारायला मना येल हाय, तुमाला नाय." तो माणूस तणतणत गेला. पाच-सहा दिवसांनी परत आला आणि बाकावर बसला. म्हाताऱ्याने त्याला माठातलं पाणी दिलं, मागचं काही काढलं नाही.

सुनीलला ते 'सुतार' म्हणायचे. मला 'बाय'. एका दुपारी मी सुनीलला न्यायला आले तर ते मला म्हणाले, "बाय, गाडी तूच का चालवतंस?"

मला राग आला. एवढे दिवस ओळखतात आणि असं विचारतात. मी म्हटलं, "त्याचे पाय चालत नाहीत काका."

"ते ठावं हाय मना. हात चालतात ना? कान तं आपल्या दोघांपेक्षा बरं हायत. क्लच पायानंच दाबाचा असा कोन बोल्ला?"

सुनील मान खाली घालून डब्याचं झाकण लावत होता. मला कळलं की हे बोलणं दोघांत आधीच झालेलं आहे आणि मला सांगायचं धाडस सुनीलला झालेलं नाही.

हाताने चालवायची सोय गाडीत बसवून मिळते, हे म्हाताऱ्याने कुणाकुणाला विचारून काढलं होतं. आम्हाला वाटलं, स्वतःच बसवून देतील. त्यांनी साफ नकार दिला. "मी थंडीचा मानूस. ब्रेकशी खेल नाय करनार. ज्याचा काम त्यानंच कराचा." त्यांनी पनवेलच्या बाजूच्या एका माणसाकडे पाठवलं, जो हेच काम करतो. मग कागदपत्रं, डॉक्टरांचं पत्र, गाडीची तपासणी, लायसन्स. दोन-तीनदा वाटलं, सोडून द्यावं. सात महिने गेले.

सरावाच्या वेळी मी सुनीलच्या शेजारी बसू शकत नव्हते. दोनदा बसले आणि दोन्ही वेळा ओरडले. तेव्हा सुटीच्या दिवशी, रिकाम्या कारखान्यांमधल्या रस्त्यावर, म्हातारा त्याच्या बाजूला बसायचा. काही शिकवायचा नाही. डोळे मिटून बसायचा. सुनील म्हणायचा, त्यांनी डोळे मिटले की मला धीर येतो. मी फुटपाथवर उभी राहून बघायची. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता आणि थोडं वाईटही वाटत होतं. दोन वर्षं ते स्टिअरिंग माझं होतं. त्याला धरूनच मी उभी राहिले होते.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी गाळा बंद केला. डोळ्यांत मोतीबिंदू, पत्रिकेची जाडी बोटांना कळायची पण फट दिसायची नाही. ते सरळ म्हणाले, "दिसत नाय तं हात नाय लावाचा." गाळ्याच्या नव्या भाडेकरूने भिंतीला रंग दिला. मी त्यांना विचारलं, वाईट वाटलं का. म्हणाले, "वाईट का वाटेल? त्या गाड्या चालतात ना?"

मोतीबिंदू काढायला वाशीच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा घरी परत सोडायला सुनीलने गाडी काढली. मी मागच्या सीटवर, म्हातारा पुढे, एका डोळ्याला हिरवी पट्टी. एसी लावला होता. बोनकोड्याच्या कमानीशी आलो तसं त्यांनी स्वतःची काच खाली केली.

"काका, धूळ जाईल डोळ्यात," मी म्हटलं.

"चष्मा हाय." त्यांनी हॉस्पिटलचा काळा चष्मा पट्टीवरून चढवला.

त्यांची गल्ली डाव्या हाताला आली. सुनील वळायला लागला.

"इथं नको. सरल जा. देवलाकडून घे."

गल्ली अरुंद. दोन्हीकडे स्कूटी, पाण्याच्या टाक्या, उंबऱ्यावर बसलेल्या बायका. सुनील एका हाताने स्टिअरिंग, एका हाताने ब्रेकचा दांडा, गोगलगाईसारखा पुढे जात होता. म्हाताऱ्याने खिडकीतून कोपर बाहेर काढलं.

"कवा सोडला रं?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं.

"आताच. बग, एका डोल्यानं बी तू तसाच दिसतंस."

बायका हसल्या. पुढच्या ओट्यावर आणखी कुणी. मग दुकानवाला, मग देवळापाशी पत्ते खेळणारे. प्रत्येकापाशी गाडी थांबवायला लावून दोन शब्द. "हिकरून घे. आता तिकरून." सगळं गाव त्यांनी आम्हाला फिरवलं. चिंचोळ्या वळणावर सुनीलला दोनदा मागे-पुढे करावं लागलं. लोकांनी रस्त्यातली स्कूटी बाजूला घेतली, कुणीतरी हात दाखवून गाडी काढून दिली, जशी कुणाच्याही गाडीला देतात.

कुणी वाकून आत बघितलं नाही. कुणी विचारलं नाही की याला काय झालं. सगळे त्या काळ्या चष्म्यातल्या म्हाताऱ्याकडे बघत होते, आणि गाडी चालवणारा माणूस त्यांच्या लेखी नुसता ड्रायव्हर होता.

आरशात मला सुनीलचा चेहरा दिसत होता. गावाची फेरी संपली तेव्हा त्याने मला न विचारता आणखी एक फेरी मारली.